सगळ्या कंपन्यांची रेंज एकाच नकाशावर दाखवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली.

विषय : मोबाइल कंपनी निवडण्यासाठी ग्राहकाला वाडीपातळीवरची, तुलना करता येईल अशी माहिती मिळण्याबाबत.

महोदय,


मी रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, पण लोकांचे विचारायला येणे सुटले नाही. पूर्वी अर्ज लिहून घ्यायला यायचे, आता हातात फोन घेऊन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "बाई, कुठल्या कंपनीचं सिम घेऊ?" या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आज आपल्या देशात कुठेही एका जागी मिळत नाही. ते मिळण्याची सोय आपले प्राधिकरण करू शकते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

शहरात राहणाऱ्याला सिमची निवड म्हणजे दर महिन्याच्या पन्नास-शंभर रुपयांचा हिशेब वाटेल. आमच्याकडे तसे नाही. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनला रेंज लागते. ती नसली की दुकानदार मशीन घेऊन रेंज असलेल्या जागी जाऊन बसतो आणि गाव त्याच्यामागे जाते. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी अॅपवर फोटो काढून घेण्याची सक्ती २०२३ सालापासून आली. ई-पीक पाहणीसाठी शेताच्या बांधावर उभे राहून फोन चालवावा लागतो. बँक, गॅस, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, सगळ्याला ओटीपी. रात्री कुणाला साप चावला तर १०८ ला फोन लागला पाहिजे. म्हणजे पाणी आणि वीज यांच्या पंक्तीत रेंज केव्हाच येऊन बसली आहे. विहीर कुठे खणायची हे पाणी बघून ठरते. सिम कुठले घ्यायचे हे मात्र आजही ऐकीव माहितीवर ठरते.

आपल्या प्राधिकरणाने ग्राहकाला काय दिले आहे, ते मी विसरलेले नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्ये गेले तरी नंबर टिकू लागला. आमच्या तालुक्यासाठी ती मोठीच गोष्ट होती, कारण इथले निम्मे घर मुंबईत असते. मुंबई हे वेगळे सर्कल आणि आम्ही महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. गिरणीतून किंवा कंपनीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या माणसाला वीस वर्षांचा नंबर सोडावा लागत नाही, हे त्या निर्णयामुळे. डिसेंबर २०१९ मध्ये पद्धत आणखी सुटसुटीत झाली. १९०० वर एसएमएस पाठवायचा, कोड घ्यायचा, आणि त्याच सर्कलमध्ये असाल तर तीन कामकाजाच्या दिवसांत काम व्हावे, असा नियम आला.

पण कंपनी बदलण्याचा हक्क तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा जायचे कुठे हे कळते. हक्क मिळून दीड दशक होत आले तरी ही दुसरी अर्धी बाजू अजून लंगडी आहे.

ती भरून काढण्याकडे आपण २०२४ साली पाऊल टाकलेत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अधिसूचित झालेल्या सेवा गुणवत्ता नियमांनी प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी असा तंत्रज्ञानवार कव्हरेज नकाशा लावणे बंधनकारक केले. हे नकाशे आता उपलब्ध आहेत. मी ते आमच्या वाडीसाठी, आणि विचारायला आलेल्या कितीतरी जणांच्या वाड्यांसाठी उघडून पाहिले आहेत. त्या अनुभवावरून सांगते : नकाशे आले, पण तुलना आली नाही.

एकतर प्रत्येक कंपनीचा नकाशा तिच्या स्वतःच्या घरी. चार कंपन्यांसाठी चार ठिकाणी जायचे, चारही ठिकाणी शोधायची रीत वेगळी. ज्याच्याकडे रेंज नाही, त्याने हे जड नकाशे कुठल्या रेंजवर उघडायचे? शिवाय आमच्याकडे 'गाव' हे सातबाऱ्यावरचे एक नाव असते. प्रत्यक्षात त्याच्या सहा-सात वाड्या असतात : एक नदीकाठाला, एक सड्यावर, एक डोंगराच्या पोटात, आणि धनगरवाडा त्याच्याही वर. ग्रामपंचायतीपाशी रेंज आली की गाव रंगीत दिसते. धनगरवाड्यातल्या माणसाला त्या रंगाचा काही उपयोग नसतो.

दुसरे म्हणजे असे नकाशे सहसा गणिताने काढलेले असतात. मनोऱ्याची उंची, लहरींची वारंवारता, जमिनीचा चढउतार संगणकाला दिला की लहर कुठवर पोहोचेल याचा अंदाज तो बांधतो. सपाट मुलखात हा अंदाज बराच जुळतो. सह्याद्रीत एका सोंडेआड गेले की चित्र पालटते. सातशे, आठशे किंवा नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. तेवीसशे किंवा तेहतीसशे मेगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात, पण लवकर दमतात. एका कंपनीचा मनोरा जवळ असूनही घरात फोन लागत नाही आणि दुसरीचा लांब असून लागतो, तो बऱ्याचदा यामुळे. नकाशावर दोघींचा रंग सारखाच भरलेला असू शकतो.

आमच्या शेजारच्या घराचे उदाहरण सांगते. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर अलीकडेच घातलेला स्लॅब. नकाशा म्हणतो इथे फोरजी आहे. पडवीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, खिडकीच्या गजाला प्लास्टिकच्या पिशवीत फोन टांगून ठेवलेला असतो. तेवढ्या वीतभर जागेत रेंज येते. हॉटस्पॉट चालू ठेवून आत माजघरात मुलगी दुसऱ्या फोनवर अभ्यास करते. घरच्यांना बोलायचे असले तर पिशवीतला फोन काढायचा नाही, कारण काढला की कॉल तुटतो. मग तो तसाच स्पीकरवर टाकून खिडकीशी उभे राहून बोलायचे. पावसाची झड आली की खिडकी लावावी लागते आणि फोनही बंद होतो. हे घर नकाशावर 'कव्हर्ड' आहे. नकाशा खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो अंगणापुरता खरा असेल. माणूस मात्र घरात राहतो.

तिसरी गोष्ट रस्त्याची. आपल्या ड्राइव्ह टेस्टच्या गाड्या शहरांतून, महामार्गांवरून फिरतात, रेल्वेमार्गांवरही मोजणी होते, आणि त्यांचे अहवाल आपण प्रसिद्ध करता. हे काम चांगले आहे, आणि कंपन्यांच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः मोजण्याची ती पद्धत मला योग्य वाटते. पण आमचा महामार्ग क्रमांक ६६ पोलादपुरातून जातो, आणि माणसे राहतात ती त्याच्यापासून आत, खोऱ्याखोऱ्यांत. महामार्गावर मोजलेली रेंज प्रवाशाची असते. वाडीवरची मोजायची तर गाडीऐवजी तिथे राहणाऱ्यांचेच फोन उपयोगी पडतील.

चौथी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शहाणी माणसे दोन कंपन्यांची दोन सिमे ठेवतात, एक बंद पडले तर दुसरे चालेल म्हणून. पण कंपन्या वेगळ्या असल्या तरी मनोरा एकच असू शकतो. मनोऱ्याची मालकी बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीकडे असते आणि दोन-तीन सेवादार त्याच्यावर आपापले अँटेना लावतात. पैसा वाचतो, डोंगरावर लोखंडही कमी उभे राहते, त्यात गैर काही नाही. मात्र पावसाळ्यात वीज गेली, बॅटरी उतरली, डिझेल पोहोचले नाही, की दोन्ही सिमे एकदमच मुकी होतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाड-चिपळूणकडच्या नातेवाइकांना फोन लागत नव्हते, ते दिवस इथले कुणी विसरलेले नाही. दुसरे सिम घेताना 'रेंज कुणाची चांगली' याच्याइतकेच 'मनोरा वेगळा आहे का' हे महत्त्वाचे असते. ते ग्राहकाला आज कुठूनही सहज कळत नाही.

पाचवी गोष्ट गर्दीची. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, वाडीची माणसे दुप्पट-तिप्पट होतात. फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि साधा फोटोही जात नाही. लहर पोहोचणे वेगळे आणि तिच्यावर माणसांचा भार पेलणे वेगळे. कव्हरेजचा नकाशा पहिल्याबद्दल बोलतो, दुसऱ्याबद्दल गप्प राहतो.

आता निवड चुकली तर काय होते ते पाहा. आमच्याकडे जवळजवळ सगळेच प्रीपेडवाले. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून एक सिम चालू ठेवणेच जड झाले आहे, दुसरे तर दूरच. दुकानदार सांगतो, मोठ्या मुदतीचे रिचार्ज स्वस्त पडते. माणूस चौऱ्याऐंशी दिवसांचे मारतो. घरी येऊन बघतो तर चुलीपाशी रेंज नाही. बदलायचे म्हटले तर नव्या कंपनीत नव्वद दिवस झाल्याशिवाय पोर्ट होता येत नाही. झाले तरी उरलेले बॅलन्स आणि मुदत बुडते. म्हणजे न मिळालेल्या सेवेचे पैसे भरायचे, आणि ती सोडण्यासाठी तीन महिने थांबायचे. भाजीवालीसुद्धा कलिंगड कापून दाखवते. इथे आधी पाहण्याची सोय नाही आणि नंतर परत करण्याचीही नाही.

सेवा बंद पडल्याबद्दल भरपाईची तरतूद २०२४ च्या नियमांत आहे, हे मला माहीत आहे. चोवीस तासांहून अधिक काळ नेटवर्क बंद राहिले तर पोस्टपेडवाल्याला बिलात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ. परंतु ही तरतूद जिल्हा हे एकक धरून लिहिलेली आहे. आमच्या खोऱ्यातला एकच मनोरा आठवडाभर बंद राहिला तर रायगड जिल्हा चालूच असतो. आठ वाड्यांचा आठवडा मात्र गेलेला असतो.

हे अवघड आहे, होणार नाही, असे कुणी म्हणेल. इतरत्र ते झाले आहे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही आपल्यासारखीच नियामक संस्था सगळ्या कंपन्यांचे कव्हरेज एकाच ठिकाणी, पत्त्यावरून शोधून, शेजारी शेजारी दाखवते. अमेरिकेत एफसीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा राष्ट्रीय नकाशा आणला. त्यात सामान्य नागरिकाला फोनवर मोजणी करून 'इथे तुम्ही दाखवता तशी सेवा नाही' असे आव्हान देता येते आणि कंपनीला त्याचे उत्तर द्यावे लागते. आपल्या देशाची तंत्रज्ञानाची ताकद त्यांच्यापेक्षा कमी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचे स्वदेशी फोरजी सुरू झाले, ते इथल्याच अभियंत्यांनी उभे केले. मोजणीसाठी आपलेच मायस्पीड अॅप २०१६ पासून आहे. मनोऱ्यांची माहिती देणारे तरंग संचार पोर्टल दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये सुरू केले. सुटे भाग सगळे हाताशी आहेत, ते ग्राहकासाठी एकत्र जोडलेले नाहीत, एवढेच.

म्हणून माझ्या पाच मागण्या आहेत.

पहिली. सगळ्या कंपन्यांचे कव्हरेज एकाच नकाशावर, एकाच मापाने, ट्रायच्या संकेतस्थळावर दाखवा. पिनकोड पुरेसा नाही, कारण आमच्या एका पिनकोडात डोंगर, दरी आणि नदी सगळे येते. महसुली गावाच्याही खाली, वाडीपर्यंत जा. नकाशा मराठीसह भारतीय भाषांत असावा आणि टूजीवरही उघडेल अशी त्याची साधी, निव्वळ तक्त्याची आवृत्ती असावी. स्मार्टफोन नसलेल्याला गावाचे नाव एसएमएसने पाठवून उत्तर मिळावे. पोर्टिंगसाठी एसएमएस चालतो, तर माहितीसाठीही चालेल.

दुसरी. घराबाहेरची आणि घरातली रेंज वेगवेगळी दाखवा. बोलण्यासाठी पुरेशी आणि इंटरनेटसाठी पुरेशी हेही वेगळे दाखवा. कुठल्या सेवेला कसला हँडसेट लागतो, ते तिथेच लिहा. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणजे जुन्या बटणाच्या फोनमध्ये ते सिम चालणार नाही. हे म्हाताऱ्या माणसाला सिम घेतल्यावर कळू नये, आधी कळावे.

तिसरी. नकाशाला आव्हान देण्याचा हक्क ग्राहकाला द्या. ग्रामपंचायत, शाळा, आशाताई, पोस्टमन यांच्या फोनवर मायस्पीडने केलेल्या मोजण्या पुरावा म्हणून धरा. ठरावीक मुदतीत कंपनीने जागेवर येऊन मोजावे किंवा नकाशा दुरुस्त करावा.

चौथी. जिथे नकाशा 'आहे' म्हणतो आणि मोजणी 'नाही' म्हणते, तिथे नव्वद दिवसांची अट उठवा आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत करायला लावा. नव्या सिमवर पहिले काही दिवस घरी वापरून पाहण्याची मुभा द्या. भरपाईचे एकक जिल्ह्यावरून मनोऱ्यावर आणा.

पाचवी. प्रत्येक ठिकाणी किती स्वतंत्र मनोऱ्यांवरून सेवा मिळते आणि गेल्या पावसाळ्यात ते किती तास बंद होते, ही माहिती खुली करा. आणि जिथे एकाच कंपनीचा मनोरा आहे, तिथे तो सर्वांना खुला करण्याची शिफारस सरकारकडे करा. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या फोरजी मनोऱ्यांवर कुठल्याही कंपनीच्या ग्राहकाला सेवा मिळावी, यासाठी जानेवारी २०२५ मध्ये सर्कलअंतर्गत रोमिंग सुरू झाले. चक्रीवादळाच्या वेळीही ही सोय दिली गेली आहे. जे वादळात चालते, ते डोंगरात बाराही महिने चालू शकते. तसे झाले तर आमच्या कितीतरी वाड्यांत 'कुठले सिम' हा प्रश्नच उरणार नाही.

हे होईपर्यंत माझ्याकडे येणाऱ्यांना मी जे सांगते, ते हे पत्र वाचणाऱ्यांसाठीही लिहिते. दुकानात विचारून सिम घेऊ नका. पाहुणे येतील तेव्हा त्यांचे फोन मागून घ्या आणि चुलीपाशी, झोपायच्या खोलीत, गोठ्यात लावून बघा. सकाळी बघा आणि रात्री नऊलाही बघा, कारण तेव्हा सगळे फोनवर असतात. दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या रीतीने दाखवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलचा आकडा असतो. तो उणे असतो. उणे ऐंशी-नव्वदच्या आसपास असेल तर उत्तम, उणे एकशे दहाच्या पलीकडे गेला तर घरात कॉल तुटणार हे धरून चाला. पहिले रिचार्ज लहान मुदतीचे मारा. नुसते बोलणे आणि एसएमएस यांचा डेटाशिवाय पॅक प्रत्येक कंपनीकडे असला पाहिजे, असा नियम डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केला आहे, आईवडिलांसाठी तो मागून घ्या. तक्रार असेल तर १९८ ला करा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

पण महोदय, हे सगळे ज्याला कुणी सांगणारे आहे त्याला जमते. धनगरवाड्यातली एकटी राहणारी आजी पाहुण्यांचे फोन घेऊन गोठ्यात मोजणी करत फिरणार नाही. ती दुकानदार देईल ते सिम घेते, मुलगा मुंबईहून भरतो ते रिचार्ज वापरते आणि फोन लागला नाही तर फोनच बिघडला असे समजते. ज्या सेवेचे पैसे तिने भरले, ती तिच्या दारापर्यंत येते की नाही हे तिला आधी सांगणे, ही कंपनीची जबाबदारी आहे. कंपनी खरे सांगते की नाही हे बघणे आपली. संसदेने १९९७ साली कायदा करून आपले प्राधिकरण स्थापन केले, तेव्हा ग्राहकाच्या हिताचे रक्षण हे त्याच्या उद्दिष्टांत लिहून ठेवले आहे.

कोकणापासून सुरुवात करा अशी माझी हट्टाची विनंती नाही. नंदुरबारचे धडगाव घ्या, गडचिरोलीचे भामरागड घ्या, पालघरचे मोखाडा घ्या. एक तालुका निवडा, वाडीवाडीची मोजणी करा, सगळ्या कंपन्यांचे निकाल एका पानावर छापा आणि ते पान प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्या तालुक्यात लोक कंपन्या कशा बदलतात आणि कंपन्या मनोरे कसे सुधारतात, ते वर्षभरात दिसेल. मोजणीला माणसे लागली तर आमच्यासारखे निवृत्त शिक्षक गावोगाव आहेत. बोलवा, आम्ही येऊ.

कळावे,

आपली,
एक ग्राहक
ता. पोलादपूर, जि. रायगड